केसालाही धक्का

उद्या पहिला दिवस.
फुकुओकातल्या या बुद्धमंदिराच्या पडवीत
रॉकेलचा स्टोव्ह फुरफुरतोय,
आणि ओइरासे माझ्याकडे पाठ करून बसलाय.

एकवीस वर्षं मी या माणसाला पाठमोराच ओळखतो.
चेहऱ्यापेक्षा टाळू जास्त पाठ आहे मला:
उजव्या कानामागची खोक,
मधोमध वस्तऱ्याने मी विरळ करायचो ती जागा.
आता तिथे वस्तरा लागत नाही.

मी तेल हातावर चोळतो. मेणासारखं घट्ट, गोडसर वासाचं.
बायको म्हणते, तू मेल्यावरही उशीला हाच वास येईल.

दुपारी गल्लीतून ढोल गेला,
उद्याच्या जोड्या पुकारत, फक्त वरच्या फळीच्या.
इत्सुकि एका पायात कुणाची तरी चप्पल घालून धावला ऐकायला.
पंधरा वर्षांचा पोर, केस अजून कानावरच.
बांधायला येतील पुढच्या पावसाळ्यापर्यंत,
तोवर टिकला तर.
ओइरासे उठला नाही.
तो कांदे चिरत होता, चाळीस माणसांच्या रश्श्यासाठी.

क्रमवारीचा कागद लागला तेव्हा
आओमोरीहून त्याच्या आईचा फोन आला होता.
नाव सापडलं म्हणाली, भिंग लावून,
खालून तिसऱ्या ओळीत, मुंगीच्या पायाएवढं.
एके काळी ते नाव ती चष्म्याशिवाय वाचायची.
त्या वर्षी मी त्याच्या डोक्यावर
गिंको झाडाचं पान उमलवलं होतं,
तीन स्पर्धा. पंचेचाळीस दिवस.
मग गुडघा.

आमच्याकडे हरायला पाठ टेकावी लागत नाही.
बोट टेकलं, तरी संपलं.
गुडघा टेकणं ही आमच्याकडे म्हण नाही,
निकाल आहे.
आणि अंबाडा ओढला, तर ओढणारा हरतो.
केसालाही धक्का लावायचा नाही, हे तिथे नियमात लिहिलंय.
बाकी सगळं मोडलं तरी चालतं.

सकाळी ते रिंगण पाहून आलो.
पुकाऱ्यांनी बिअरच्या रिकाम्या बाटल्यांनी
ठोकून ठोकून मातीला धार आणलीय.
मधोमध खड्ड्यात तांदूळ, मीठ, सुकवलेला माकुळ,
चेस्टनट, समुद्रातलं शेवाळ;
वर माती, वर पंधरा दिवस.
ओइरासेच्या वाट्याला त्यातले सात.
सातात चार जिंकले तर वर,
सातात तीन तर खाली.
एवढंच गणित. इत्सुकिलाही येतं.

त्याची पहिली लढत सकाळी सव्वादहाला.
तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात,
सफाईवाला अजून फिरत असतो,
एखादा म्हातारा थर्मास उघडून बसलेला.
मिठाचा मान त्या फळीला नाही.
नुसतं वाकायचं, मूठ मातीवर ठेवायची,
आणि उठायचं.

सप्टेंबरात म्हणाला होता,
या खेपेनंतर कात्री तूच आण,
समारंभ वगैरे नको, रश्श्याच्या भांड्याशेजारीच काप.
मी कात्री आणलीय.
फण्यांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून.
आज तो त्याबद्दल काही बोलला नाही,
मीही पेटी पूर्ण उघडली नाही.

बारीक फणी.
मग जाड.
एक गुंता निघता निघेना,
मी ओढलं, तो हूं की चूं करत नाही.
केस मुठीत गोळा होतात. गेल्या वर्षी मूठ भरायची.

कागदी दोरीचं एक टोक दातांत धरतो,
दुसरं हातात,
मान मागे खेचून आवळतो.

आणि नेमकं आत्ताच
तो समोरच्या भिंतीला विचारतो,
"चार होतील का रे?"

दातांत दोरी असताना
उत्तर देता येत नाही.
मी आणखी थोडं आवळतो.